दोन गाठींची बोरी

परागीभवनाचा धडा मी सतरा वर्षं शिकवला. जास्वंदीचं फूल आणायचं, ब्लेडनं उभं कापायचं, पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवायचे, फळ्यावर आकृती काढायची आणि पोरांनी ती वहीत उतरवून घ्यायची. आकृती माझी फार सुबक येते. आसपासच्या शाळांचे मास्तर मोबाइलवर तिचा फोटो काढून नेतात. अशा माणसाला आपल्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचा हेवा वाटावा, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण ती आता इथं नाही, आणि सांगून टाकल्याशिवाय माझ्या पोटातलं दुखणं काही थांबायचं नाही.

तिचं नाव रुखमामाय. आमची शाळा मालेगावपासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी. आठवीपर्यंतचे वर्ग. गावाला लागून आंध आदिवासींची वस्ती, त्या वस्तीतली ती. साठीच्या पुढची, काटकुळी, चालताना जमिनीकडं न पाहता झुडपांकडं पाहणारी. उजव्या हातात काचेच्या चार बांगड्या आणि डाव्या मनगटाला पळसाच्या मुळीची बारीक दोरी गुंडाळलेली. सासरी-माहेरी दोन्हीकडं मध काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सही करताना अंगठा उठवायची आणि अंगठ्याची शाई पुसायला माझाच खडूचा फडका मागायची.

पहिली ठिणगी सरपणावरून पडली. शाळेत गॅस आला होता, पण सिलिंडर संपलं की पुन्हा चूल. रुखमामाय प्रत्येक लाकूड हातात घेऊन उलटंपालटं करायची, दगडावर वाजवून पाहायची आणि काही लाकडं बाजूला टाकायची. स्वयंपाकाच्या शेडच्या मागं चांगल्या वाळलेल्या लाकडांचा ढीग साचला आणि इकडं खिचडीला रोज उशीर. मी मोठ्या मॅडमकडं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेकडं, तक्रार केली. खरं सांगायचं तर मला भूक लागलेली नव्हती. पोरं मधल्या सुट्टीत माझ्याकडं न येता तिच्या चुलीभोवती बसतात, हे माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

मॅडमनी विचारल्यावर ती एक लाकूड घेऊन आली. त्याला बोट जाईल एवढं गोल भोक होतं, गिरमिटानं पाडल्यासारखं.

"याच्यात भोंगा राह्यते, मॅडम. काळा, मोठा. लेकरं घालते अंदर. चूल पेटवली तं त्याचं घर जळते."

"भोंगा कोणत्या कामाचा?" मी विचारलं.

"तूर खाता ना सर तुमी?" ती म्हणाली. "तुरीच्या फुलाचं दार जड हाय. फुलोरीच्यानं ते उघडत नाई. भोंगा बसला का त्याच्या वजनानं उघडते."

फुलोरी म्हणजे झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावणारी बारकी मधमाशी, हे मी तेव्हा मॅडमकडूनच ऐकलं. घरी जाऊन कॉलेजातलं जाडं पुस्तक काढलं. तुरीचं फूल उघडायला वजनदार भुंगे लागतात, असं त्यात खरंच लिहिलेलं होतं, दोन पानं भरून. ते चूक निघालं असतं तर मला त्या दिवशी चांगली झोप लागली असती.

पुढच्याच आठवड्यात सातवीला तो धडा आला. मी फळ्यावर फूल काढलं, फुलावर मधमाशी काढली. पहिल्या बाकावरची पूनम उभी राहिली. पूनम वस्तीतलीच, वर्गातली सगळ्यांत हुशार आणि म्हणून सगळ्यांत त्रासदायक.

"सर, हे कोणती हाय?"

"मधमाशी."

"हो, पण कोणती? आग्या, सातेरी का फुलोरी?"

माझी माशी पुस्तकातली होती आणि पुस्तकानं तिचं नाव दिलेलं नव्हतं. "कोणती का असेना, उतरवून घ्या," मी म्हणालो. पोरांनी माना खाली घातल्या, पण त्याआधी सगळ्या वर्गानं एकदा खिडकीतून शेडकडं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

मग दप्तराविना शनिवार सुरू झाले. मॅडमनी ते थेट रुखमामायला देऊन टाकले. मला म्हणाल्या, "विज्ञान तुमचंच राह्यते, सर. तुमी फक्त संग जा अन् हजेरी घ्या." म्हणजे पुढं रुखमामाय, मागं चाळीस पोरं आणि सगळ्यांत शेवटी हजेरीपट काखेत मारून मी.

ती शिकवायची म्हणजे काय करायची? काहीच नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोरांना पांगवायची आणि म्हणायची, "एक फूल धरा. हात नोका लावू. कोन आलं, काय नेलं, काय ठेवलं, तेवढं मले सांगा." माझ्या तासाला पाच मिनिटं न टिकणारी पोरं अर्धा-अर्धा तास एका फुलासमोर बसून राहायची. मग ती एकेकाचं ऐकायची. बरोबर म्हणायची नाही, चूक म्हणायची नाही. पोरगं थांबलं की एवढंच विचारायची, "मंग?" आणि पोरगं आणखी काहीतरी आठवून सांगायचं.

सोमवारी वर्गात मीही तसं करून पाहिलं. एकाला उभं केलं, त्यानं सांगितलं, मी म्हणालो, "मंग?" तो म्हणाला, "मंग काई नाई, सर," आणि खाली बसला.

एकदा मी तुरीजवळ जाऊन उभा राहिलो तर ती म्हणाली, "सर, तुमी दूर बसा. अंगाले सेंटाचा वास हाय, माशी येत नाई." पोरं हसली. पुढच्या शनिवारी मी सेंट लावलं नाही, पावडर लावली नाही, डोक्याला तेलसुद्धा नाही. बायकोनं विचारलं, बरं नाही का? शेतात मात्र कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. रुखमामायच्या आलं असणार, पण ती एक शब्द बोलली नाही, आणि तिनं बोलावं म्हणून मी दुपारपर्यंत तिच्या वाऱ्याच्या बाजूला उभा होतो.

परागीभवनाला तिच्याकडं एकच शब्द होता. "माशी फुकट खात नाई," ती म्हणायची. "इकडचं तिकडं नेते, सोयरीक जुळवते. सोयरीक जुळली का मंग दाना भरते." सहामाहीच्या पेपरात निम्म्या वर्गानं लिहिलं, परागीभवन म्हणजे फुलांची सोयरीक. मी प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. ते पेपर अजून माझ्या कपाटात आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकायची ती गाठ. त्यांच्या वस्तीची एक रीत होती. ज्याला मोहोळ दिसेल त्यानं त्या फांदीला पळसाच्या दोरीची एक गाठ मारायची. त्या गाठीचा अर्थ, हे कुणीतरी पाहिलेलं आहे. पोळ्यात पिल्लं असतील तर दोन गाठी. दोन गाठी दिसल्या की हात मागं, मग तो कुणीही असो. पिल्लं उडाल्यावर मध काढायचा तर गाठ सोडायची. पण जो गाठ सोडेल त्याच्यावर ते झुडूप, माशी पुन्हा येईपर्यंत. त्याला पाणी, त्याची राखण, सगळं त्याच्या अंगावर. "बांधनारा मोकळा, सोडनारा अडकला," पोरं घोकायची.

आमच्या घरी वडिलांनी आम्हाला वेगळं शिकवलं होतं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि घरातले दोरे-गंडे एका टोपलीत भरून बाहेर काढले. वडील सांगायचे, झाडाला दोरा बांधलेला दिसला की समजायचं, इथं कुणीतरी विचार करायचं थांबवलं आहे. त्यामुळं मी एका शनिवारी पोरांसमोरच रुखमामायला म्हणालो, "माय, हे देवाधर्माचं शाळेत नको."

"देवाचं काई नाई याच्यात," ती म्हणाली. "तुमी घराले कुलूप लावता. आमी गाठ लावतो." 

याच्यावर वडीलसुद्धा काही बोलले नसते. म्हणूनच मला जास्त राग आला.

डिसेंबरात मालेगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी ठरवलं, या वेळी असं काही न्यायचं की पोरांनी खिडकीबाहेर पाहू नये. काचेची पेटी करून घेतली आणि त्यात फुलोरीचं जिवंत पोळं ठेवायचं ठरवलं. पोळं मला माहीत होतं. शाळेमागं रशीदभाईचं कांद्याच्या बियाण्याचं वावर आहे, त्याच्या धुऱ्यावर एक बोरी, म्हणजे बोराचं झुडूप, त्या बोरीला. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर गेलो. माश्या पोळ्यावर दाटून बसल्या होत्या. फांदीला दोन गाठी होत्या. पुढं बरेच दिवस मी सांगत राहिलो की गाठी दिसल्या नाहीत. दिसल्या होत्या. माझ्या ब्लेडच्या वाटेतच होत्या.

प्रदर्शनात दुपारपर्यंत निम्म्या माश्या पेटीच्या कोपऱ्यात पडल्या. परीक्षक आले. माहिती सांगायला मी पूनमला उभं केलं होतं, पाठ करून घेतलं होतं. परीक्षकांनी विचारलं, "हे कुठून आणलं, बेटा?"

"रशीदभाईच्या धुऱ्यावरून," पूनम म्हणाली. "बोरीवर होतं. दोन गाठी होत्या. सरनं तोडलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. हजेरी द्यावी तसं तिनं सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, दोन गाठी म्हणजे काय? मग ती दहा मिनिटं बोलत होती, गाठ काय, कुलूप काय, तुरीचं दार काय. शेजारच्या टेबलांवरची माणसं गोळा झाली. आमच्या शाळेला दुसरा क्रमांक मिळाला. तो माझ्या पेटीला नव्हता, आकृतीला तर नव्हताच. मी कापलेल्या गाठीला तो मिळाला होता, आणि स्टेजवर जाऊन तो घेतला मी.

सोमवारी रुखमामाय कामं आटपून स्टाफरूमच्या दारात आली. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. तिनं माझा हात उलटा केला आणि तळव्यावर कापलेली दोरी ठेवली. गवतातून शोधून आणली होती.

"हे तुमचं, सर. बोरी आता तुमची. माशी माघारी येते तोवर."

"एवढंच?"

"एवढंच कसं? लय हाय ते," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी ती दोरी ड्रॉवरमध्ये टाकून विसरलोही असतो. पण तिसऱ्या दिवशी रशीदभाई रस्त्यात भेटला. त्याचं मालेगावात बियाण्याचं दुकान, आणि शेती तो स्वतः पाहतो. मोटरसायकल थांबवून म्हणाला, "सर, धुरा साफ करून राह्यलो. जेसीबी सांगून ठेवला. बोरीले गाठ होती, म्हनून आजवर हात नाई लावला. आता तं गाठच नाई."

मी म्हणालो, "थोडं थांबा ना, भाई."

"कायले?"

काय सांगणार? "बोरी माझ्यावर आहे," मी म्हणालो. तो हसला. त्यालाही रीत माहीत होती.

"मंग कांदा फुलावर येते तोवर थांबतो," तो म्हणाला. "माशी आली तं बोरी राह्यली. नाई आली तं मले जागा पाह्यजे. कबूल?"

कबूल म्हणण्याशिवाय काय होतं. रुखमामायला विचारायला गेलो, माशी परत यावी म्हणून काय करू? ती म्हणाली, "बसा." दुसरं काही नाही. शेवटी पूनमनं सांगितलं. उथळ वाडग्यात पाणी ठेवायचं, त्यात खडे टाकायचे म्हणजे माशी बुडत नाही. खालचं वाळकं गवत उपटायचं नाही. फवारणीच्या दिवशी रशीदभाईला सांगून संध्याकाळी फवारायला लावायचं. माझीच विद्यार्थिनी मला शिकवत होती, आणि शिकवत होती ते तिला माझ्याकडून मिळालेलं नव्हतं.

शाळा सुटली की मी बोरीखाली बसायला लागलो. शनिवारी मॅडमनी हजेरीपट दुसऱ्या सरांकडं दिला. आता रुखमामाय पोरांना घेऊन नाल्याच्या पलीकडं जायची आणि मी अलीकडं एकटा. तिकडून पोरांच्या हसण्याचा आवाज यायचा. मग एकदम शांत व्हायचं, म्हणजे सगळी फुलासमोर बसली. मला इथून तिचं "मंग?" ऐकू यायचं नाही, पण ते कधी म्हटलं असेल हे कळायचं. मी जळत होतो. एवढा की एकदा वाडग्यातलं पाणी रागानं लाथाडलं आणि मग विहिरीवरून पुन्हा भरून आणलं.

जानेवारी गेला. कांद्याला पांढरे गोंडे लागले. शेजारच्या शेतकऱ्यानं त्याचे सगळे धुरे आधीच सपाट केले होते. त्याच्या वावरात बाया हातात फडकं घेऊन एकेका गोंड्यावरून फिरवत होत्या, माशीचं काम माणसं करत होती. रशीदभाई त्यांच्याकडं पाहायचा आणि माझ्याकडं पाहायचा. "आठ दिवस, सर," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मला बोरीत काहीतरी हललेलं दिसलं. मूठभर फुलोरी, एकमेकींना धरून फांदीला लोंबलेली. मी ओरडलो नाही. हळू उठलो आणि मग शाळेपर्यंत पळत गेलो.

रुखमामाय पातेलं धूत होती. "माय, आली," मी म्हणालो. तिनं हात पुसले आणि माझ्यासोबत निघाली. बोरीजवळ येऊन ती भलत्याच फांदीकडं तोंड करून उभी राहिली. तेव्हा मला कळलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. वर्षभर तिच्या मागं चाललो, पण माझं लक्ष पोरं तिच्याकडं कशी पाहतात इकडंच होतं. तिला काय दिसतं, हे मी पाहिलंच नव्हतं.

"कोन्या तोंडाले बसली?" तिनं विचारलं.

"उगवतीला."

"पोळं केवढं?"

"अजून बोटभर. माश्याच जास्त आहेत."

मी थांबलो. ती म्हणाली, "मंग?"

मग मी सांगत गेलो. कुठल्या बाजूनं येतात, पाण्यावर किती बसल्या, कांद्याच्या गोंड्यावर गेल्या की आधी कुठं उतरतात. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मॅडमनी मला शोधायला कुणाला तरी पाठवलं, तरी मी सांगतच होतो. सतरा वर्षांत माझं असं कुणी ऐकलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी पोळ्यात पिल्लं झाल्यावर तिनं मनगटावरची दोरी काढून मला दिली. मी दोन गाठी मारल्या. तिनं बोटांनी चाचपून पाहिल्या. "ढिल्या हायेत," ती म्हणाली. "पन राह्यतील." रशीदभाईनं जेसीबीवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याच्या कांद्याला बी चांगलं भरलं, असं तोच सगळ्यांना सांगत फिरला.

मे महिन्यात उन्हं तापली आणि फुलोरी उठून गेली, दर साली जाते तशी. बोरीला वाळकं पोळं आणि माझ्या दोन गाठी राहिल्या. त्याच सुमारास रुखमामायची लेक तिला न्यायला आली. तिचं सासर मानोऱ्याकडं, पोहरादेवीच्या पलीकडं. डोळ्याचं ऑपरेशन करायचं आणि मग तिकडंच ठेवून घ्यायचं, असं ठरलं होतं. सुट्टी असूनही पोरं जमली होती. मीही मालेगावहून आलो होतो. जीप रस्त्यावर उभी होती, प्रत्येक पोरगं तिचा हात धरत होतं, आणि मी मागं उभा राहून माझा नंबर कधी येतो ते पाहत होतो.

ती म्हणाली, "सर कुठी हायेत? मले बोरीकडं न्या."

मी तिचा हात धरून धुऱ्यावर नेलं. पोरं मागं आली. तिनं फांदी चाचपली, माझ्या गाठी सापडल्या आणि एकेक करून दोन्ही सोडल्या.

"माय, गाठ काहून सोडली?" मी म्हणालो. "माशी तं गेली."

"म्हनून तं सोडली."

"अन् बोरी?"

"आता माझ्यावर हाय. माशी येते तोवर." तिनं दोरी मनगटाला गुंडाळली. "तोवर मले यावंच लागते ना, सर. पाह्याले."

पोरं हसली. मला मात्र राग आला, हे मी कबूल करतो. पाच महिने मी त्या बोरीखाली बसलो होतो. शाळेत, वर्गात, शनिवारी, सगळं तिचं होतं. माझी म्हणून ही एक बोरी होती, तीही जाता जाता ती घेऊन गेली. जीप निघाली तेव्हा तिचा डावा हात खिडकीच्या बाहेर होता, दोरी गुंडाळलेला, आणि ती बघत होती ती आमच्याकडं नव्हे, रस्त्याच्या कडेच्या झुडपांकडं, जी तिला दिसत नव्हती.

आता तूर फुलावर आली आहे. ऑपरेशन झालं, एका डोळ्यानं बरं दिसतं, असं लेकीनं फोनवर सांगितलं. पोरं रोज मला विचारतात, सर, बोरीवर माशी आली का? माशी आली की बोरी मायच्या अंगावरून सुटते आणि मग माय येणार नाही, एवढं त्यांनाही कळतं, म्हणून विचारताना ती जरा भीत असतात. वाडग्यात पाणी मीच ठेवतो. बोरी तिच्यावर असली तरी पाणी कुणीतरी ठेवायला हवं.

परवा संध्याकाळी मूठभर फुलोरी येऊन बसली आहे, उगवतीच्या फांदीला. रुखमामायच्या आधी मला कळलेली ही पहिली गोष्ट. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.